चौकटीतला हात

"हात काढा!" आमच्या स्टुडिओत दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी सूचना हीच. कॅमेऱ्यापुढे पान असो, अळी असो की मोड आलेला मूग. वस्तू नीट बसवायची, हात चौकटीबाहेर घ्यायचा आणि मगच टेप फिरवायची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी विद्यापीठाच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्रात लागले. पद संशोधन सहायकाचं, काम पडेल ते. टिपणं काढा, तज्ज्ञांना गाठा, त्यांच्याकडून संहिता लिहून घ्या, ती लांबली की त्यांची समजूत काढून कापा, आणि शुक्रवारच्या चित्रीकरणासाठी गुरुवारी संध्याकाळी जिवंत बेडूक पैदा करा. निसर्ग दाखवायचा तर त्यात माणूस दिसता कामा नये, हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. पण तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

नियम आला होता बाहेरून. डेव्हिड ॲटनबरोंची 'लाइफ ऑन अर्थ' ही तेरा भागांची मालिका बीबीसीने १९७९ मध्ये दाखवली होती. तिच्या व्हीएचएस प्रती कुणी ना कुणी पैदा केल्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्या आम्ही पुन्हा पुन्हा लावत असू. त्याहून थक्क व्हायचो ते 'ऑक्सफर्ड सायंटिफिक फिल्म्स'च्या किड्यांच्या चित्रणाने. ही संस्था १९६८ ची, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांनीच काढलेली. त्यांच्यातला जेरल्ड थॉम्पसन हा वनशास्त्राचा अध्यापक. लाकडात अंडी घालणारी गांधीलमाशी आणि तिच्या अळ्यांवर जगणाऱ्या दुसऱ्या माश्या, हा मामला विद्यार्थ्यांना दाखवायचा म्हणून त्याने साठच्या दशकाच्या तोंडावरच एक फिल्म केली होती. लाकडाच्या आतलं जग, जणू लाकूड काचेचं आहे! कुठे चिमटा नाही, टाचणी नाही, बोट नाही. आमच्याकडे मात्र प्रत्येक शॉटच्या कडेला कुणाचं तरी नख डोकवायचं आणि कंट्रोल रूममधून आवाज यायचा, "हात काढा!"

'आमच्याकडे' म्हणजे काय, ते सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला. इन्सॅट-१बी आदल्या वर्षी वर गेला होता, त्यामुळे देशभर एकाच वेळी शिकवण्याची सोय झाली. दुपारी पाऊण वाजता एक तास आणि चार वाजता पुन्हा. पुणे, अहमदाबाद, दिल्ली, हैदराबाद इथे निर्मितीची केंद्रं उभी राहत होती, पण रोजच्या तासाचं पोट भरण्याइतका माल आमच्याकडून निघत नव्हता, म्हणून बरेच कार्यक्रम परदेशांतून आणलेले असत. त्यांच्यामागोमाग आपला कार्यक्रम लागणार, या विचारानेच आमच्या प्रोड्यूसरांना घाम फुटायचा. दोन्ही कार्यक्रम इंग्रजीत. तुलना अटळ.

आमच्या आधी हे काम करून गेलेली एक पिढी होती, आणि तिला हातांचं वावडं नव्हतं. 'साइट' हा इस्रोचा प्रयोग. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला, जाळीच्या तबकड्या लावून. त्याची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे पहिले संचालक यशपाल; तेच पुढे १९८६ मध्ये अनुदान आयोगाचे अध्यक्ष होऊन आमच्या डोक्यावर आले. साइटमधले शाळकरी मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. खेड्यातल्या मुलाला जे घरात, शेतात, ओढ्यावर सापडेल त्यातूनच प्रयोग करायचा, असा त्यांचा आग्रह. साहजिकच त्यात हातच हात. आमच्यातले काही जण त्या कामाला जरा हसत. मीही हसत असे, कारण मला ऑक्सफर्डसारखं करायचं होतं.

अशात आला उंबर.

विषय मीच सुचवला होता. उंबराचं फूल दिसत नाही, हे आपण म्हणीसारखं ऐकत आलेलो. खरं तर फळ म्हणून आपण जे म्हणतो ती आत वळलेली फुलांची पिशवीच असते. भिंतीला आतून शेकडो बारीक फुलं लगडलेली. परागण करणारी माशी चिलटाएवढी. टोकाच्या छिद्रातून ती आत शिरते तेव्हा खवल्यांच्या दाटीत तिचे पंख तुटून मागे राहतात. भिंगातून पाहिलं तर छिद्राच्या तोंडाशी अडकलेले ते पंख दिसतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. आत गेलेली माशी पुन्हा बाहेर येत नाही. ती अंडी घालते, छातीजवळच्या खिशांतून आणलेले परागकण फुलांवर टाकते आणि तिथेच मरते. हे खिसे शास्त्रज्ञांनी वर्णन केले १९६९ मध्ये. म्हणजे आम्ही कार्यक्रम करत होतो तेव्हा ही माहिती पुरती वीस वर्षांचीही नव्हती. पाठ्यपुस्तकांत ती यायची होती. शिकवण्यातही आपण कधी कधी पुढे असतो, हे मला फार आवडायचं.

पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात, डोळे असून नसल्यासारखे, रंग मधासारखा. माद्या अजून आपापल्या गाठीत, म्हणजे अंडं घातलेल्या फुगीर फुलात, बंद असतात. नर गाठीला भोक पाडून बाहेरूनच संग करतो. मग सगळे नर मिळून फळाच्या भिंतीतून बोगदा खणतात. माद्या पराग गोळा करून त्या बोगद्याने उडून जातात, नर बहुतेक तिथेच संपतात. वीस मिनिटांच्या कार्यक्रमाला आणखी काय नाट्य हवं?

नाट्य होतं, पण ते मिटलेल्या फळाच्या अंधारात. आमच्याकडे तीन नळ्यांचा कॅमेरा, त्याला केबलने जोडलेला वेगळा यू-मॅटिक रेकॉर्डर, खांद्याला पट्टा लावून वागवायचा. त्यातली छोटी कॅसेट वीस मिनिटांची. असल्या कॅमेऱ्याला उजेड लागतो तो भरमसाट. त्यातून भिंगं उलटी लावून एवढ्याशा किड्याच्या जवळ जायचं, म्हणजे उजेड आणखी हवा. हजार वॅटचे दिवे दोन बाजूंनी लावले की कापलेलं उंबर बघता बघता सुकायचं आणि नर पाय आखडून पडायचे. कीटकशास्त्राच्या सरांनी उपाय काढला. मासे ठेवायची काचेची अरुंद टाकी आणवली, पाण्याने भरली आणि दिवा व फळ यांच्यामध्ये उभी केली. पाणी उष्णता शोषतं, उजेड जाऊ देतं. टाकीतलं पाणी कोमट झालं की बदलायचं, हे काम माळीमामांचा मुलगा हौसेने करायचा. खालच्या मजल्यावर कुणी दार आपटलं तरी पडद्यावर भूकंप व्हायचा, म्हणून आमच्या कॅमेरामननी स्कूटरच्या टायरमधली ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर प्लायवूडची फळी ठेवली आणि तिच्यावर उंबर. ही जुगाडं मला कार्यक्रमापेक्षाही जास्त लक्षात राहिली आहेत. त्यांचं श्रेय मात्र शेवटच्या नामावलीत कुणालाच मिळालं नाही.

योग्य उंबर ओळखणं हे वेगळंच शास्त्र. एका झाडाची फळं साधारण एकाच वेळी एका अवस्थेत असतात, शेजारचं झाड भलत्याच अवस्थेत. माद्या बाहेर पडायचा काळ अगदी थोडा. पुस्तकात आकृत्या होत्या, वेळ नव्हती. माळीमामांना मात्र ठाऊक होतं. "मॅडम, खोडावर मुंग्या उगाच फिरायला लागल्या की समजा, सुटणार." मुंग्या उगाच फिरत नव्हत्या. बोगद्यातून बाहेर पडणारा नर ही त्यांची न्याहारी होती.

पहिल्यांदा नीट मिळालेलं उंबर मी कापलं आणि मॉनिटरवर पाहत बसले. नर गाठींवरून चालत होते, पण मंद, वाट चुकल्यासारखे. माद्याच भराभर बाहेर पडत होत्या, मिशा साफ करत होत्या, दिव्याकडे उडत होत्या. चित्र सुरेख होतं. प्रोड्यूसर खूश. मला मात्र खटकलं, कारण संहितेत क्रम उलटा होता : आधी नरांची खणाखणी, मग माद्यांची घाई. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "असंच होणार. तुम्ही खिडकी उघडलीत ना." मिटलेल्या फळात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. पिंपळाच्या फळावर गालिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं होतं, १९७३ मध्ये ते छापून आलं. या कोंदट हवेत नर कामाला लागतात आणि माद्या स्वस्थ राहतात. बोगदा पडून बाहेरची हवा आत आली की माद्यांना जाग येते. हे एवढ्याशा फळातलं घड्याळ. आम्ही पातं चालवलं त्याच क्षणी ते बिघडलं होतं. म्हणजे आम्ही जे चित्रित केलं ते उंबराच्या आत घडतं ते नव्हतंच. उंबर कापल्यावर घडतं ते होतं.

आता वादाला तोंड फुटलं. प्रोड्यूसरांचं म्हणणं, चित्रं उत्तम आहेत, कॉमेंट्रीत योग्य क्रम सांगू, एडिटिंगमध्ये नर आधी लावू, माद्या नंतर. माहिती तर बरोबरच जाणार! माझं म्हणणं, फळ कापलं हे दाखवा. पातं दाखवा, हात दाखवा, आणि हवा आत गेल्याने माद्या लवकर जाग्या झाल्या हेही सांगा. ते वैतागले. "बीबीसीवाले सांगतात का, आम्ही काय काय कापलं ते?" सांगत नव्हते. एका दृष्टीने ते रास्तच होतं. प्रेक्षकाला किड्याच्या जगात नेऊन सोडायचं तर मध्येच आपलं सामान कशाला मांडायचं? सिनेमा हा लपवण्याचाच धंदा आहे, हे मी नाकारत नव्हते. पण आमचा प्रेक्षक दुपारी पाऊण वाजता कॉलेजच्या व्हरांड्यातल्या टीव्हीसमोर बसलेला विद्यार्थी होता, आणि त्याच्या कॉलेजच्या मागे उंबर होता.

शेवटी तडजोड झाली, आणि तीही तत्त्वाच्या बळावर नव्हे. रफ कट मोजला तर कार्यक्रम मिनिटभर कमी भरला. भर हवी होती. तेव्हा कापण्याचा शॉट आला, आणि पाण्याची टाकी, दिवा, ट्यूबवरची फळी असा सगळा संसार दाखवणारा एक शॉटही आला. हात माझेच. बांगड्या माइकवर वाजतात म्हणून साउंड रेकॉर्डिस्टने काढायला लावल्या. उंबराचा चीक नखांत बसून काळा झाला होता, तो निघाला नाही. कार्यक्रम पाहून संमती देणाऱ्या समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी एकच शेरा मारला : नखं स्वच्छ असावीत.

बोगद्याचा प्रश्न उरला होता. तो कापलेल्या फळात दिसणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही झाडापाशीच गेलो. भल्या पहाटे, खोडाला लगडलेल्या घोसातल्या एका फळावर नजर लावून. टेप चालू ठेवणं परवडत नव्हतं. कॅमेरा तयार ठेवायचा, आणि काही हललं तरच कळ दाबायची. आमचे कॅमेरामन लग्नसमारंभांचे फोटो काढून इथवर आलेले, त्यांना क्षण पकडायची सवय होती. पण नवरी निदान कुठून येणार हे ठाऊक असतं, असं ते म्हणायचे. हिरव्या सालीवर एक पिंगट ठिपका उमटला. मोठा झाला. मग साल आतून कुरतडली गेली आणि तिथे मधाच्या रंगाचं एक डोकं दिसलं, जबडे चालूच. नर अर्धा बाहेर आला, लोंबकळला, आणि त्याच्या मागच्याने ढकलल्यासारखा खाली पडला. एका मुंगीने त्याला उचललं. मग काही वेळ काहीच नाही. आणि नंतर काळसर, पंखवाल्या माद्या एकीमागून एक भोकाच्या काठावर येऊ लागल्या. प्रत्येक जण थांबून मिशा पुसत होती.

त्या शॉटमध्ये कुणाचाही हात नाही. तो हवाच नव्हता. म्हणून 'हात दाखवा' हाही माझा नियम झाला नाही. कापलं असेल तर कापलं म्हणा, एवढंच. अशा फिल्म्समध्ये खोटेपणा शिरतो तो बहुधा चांगल्या हेतूने आणि बारीक वाटेने. आमच्या साउंड रेकॉर्डिस्टने माद्या उडताना मागे भुंग्याचा घुमार लावला होता. चिलटाएवढ्या जिवाला एवढा आवाज! मी हरकत घेतली तर म्हणाला, "मग पंख हलतायत हे कळणार कसं?" ते त्याचं खरं होतं. घुमार कमी केला, काढला नाही. फुलं उमलतानाच्या फिल्म्स पर्सी स्मिथने इंग्लंडमध्ये १९१० मध्ये दाखवल्या, त्याही प्रत्यक्षात कुणाच्या डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या गतीच्याच. आठ तासांचं उमलणं दहा सेकंदांत बसवायचं तर साधारण दोन मिनिटांनी एक चौकट घ्यावी लागते. पण ते गणित लोकांना कळतं, फसवणूक वाटत नाही. मागे घड्याळ ठेवलं की संपलं.

खूप वर्षांनी, २००५ मधली 'द क्वीन ऑफ ट्रीज' ही फिल्म पाहिली. मार्क डीबल आणि व्हिक्टोरिया स्टोन या जोडप्याने केनियात केलेली, आमच्या उंबराच्या आफ्रिकी भाऊबंदावर. त्यांची माशीही आमच्याच माशीच्या प्रजातीची, फक्त जात वेगळी. छिद्रातून आत घुसणं, पंख तुटणं, आतली अंडी, नर, बोगदा, सगळं. मी खुर्चीच्या टोकावर बसून पाहिली. आम्हाला जे करायचं होतं ते हेच. हेवा वाटला, आणि दर शॉटला मन विचारत राहिलं : हे कुठून कापलं असेल? उजेड कुठून दिला? आत हवा किती गेली असेल? माझ्याशेजारी बसून पाहणाऱ्या भाचीला यातलं काही पडलेलं नव्हतं, ती रडत होती. फिल्म म्हणून तीच जिंकली, हे मान्य करायला मला अडचण नाही.

आमचा कार्यक्रम दोनदा लागला आणि टेप कपाटात गेली. पुढे यू-मॅटिक यंत्रंच बंद पडली. पण लागल्यावर पत्रं आली होती, बहुतेक पोस्टकार्डं, कार्यक्रम इंग्रजी असूनही बरीचशी मराठीत. आणि मजा अशी की माशीच्या प्रेमकहाणीबद्दल त्यांत जवळजवळ काहीच नव्हतं. पातं कुठलं वापरलं? टाकीत पाणी कशासाठी? भिंग उलटं लावलं म्हणजे कसं? केवळ मिनिटभराची भर म्हणून घातलेल्या दोन शॉट्सवर लोक तुटून पडले होते. अंबाजोगाईच्या एका विद्यार्थ्याने तर चारच ओळी लिहिल्या होत्या : आमच्याकडे उंबर आहे, सूक्ष्मदर्शक कुलपात असतो, कसं पाहायचं ते कळवा.

मी सविस्तर कळवलं. खाली पडलेलं फळ घेऊ नका, झाडावरचं घ्या, पिकायच्या जरासं आधीचं, आणि भोक न पडलेलं. दाढीच्या पात्याचे कागदासकट उभे दोन तुकडे करा, म्हणजे बोट कापणार नाही. देठापासून तोंडापर्यंत उभा छेद घ्या. चीक चिकटतो, आधी बोटांना खोबरेल लावा. घड्याळाचं भिंग चालेल. आणि लगेच पाहा, कारण कापल्याबरोबर आतलं वागणं बदलायला लागतं.

त्याचं उत्तर महिनाभराने आलं. पाहिलं, म्हणाला. नर दिसले, माद्याही. पण आमच्या उंबरातून आणखी एक किडा निघतो, शेपटी अंगापेक्षा लांब असलेला. तो तुमच्या कार्यक्रमात का नव्हता?

तो किडा आम्ही पाहिलेला होता आणि वीस मिनिटांत मावणार नाही म्हणून संहितेतच गाळला होता. शेपटी म्हणजे अंडी घालायची सोंड. या माश्या परागणाचं काहीच करत नाहीत, नुसत्या दुसऱ्याच्या घरात पिल्लं वाढवतात. मी कार्ड सरांना दाखवलं. ते म्हणाले, यांच्यावर स्वतंत्र कार्यक्रम करा, सोपा आहे. आणि होताच सोपा. या माश्या आत शिरत नाहीत. सालीवर बसून, ती लांब सोंड बाहेरूनच फळात खुपसून अंडी घालतात, दिवसाउजेडी, उघड्यावर. पातं लागत नाही, टाकी लागत नाही. फक्त झाडापाशी जाऊन उभं राहायचं.